मेम्फिसहून : दार वाजायचं थांबतं तेव्हा

मेम्फिस, टेनेसी

सांगलीला फोन केला की कुणी ना कुणी म्हणतंच, "तुमच्या अमेरिकेत बरं आहे, दिवाळं काढलं की मोकळे!" मागच्या आठवड्यात भाऊ म्हणाला आणि माझा आवाज चढला. मी राहते त्या शहरात माणसं दिवाळखोरीचा अर्ज करतात ती मोकळं व्हायला नव्हे. अर्जानंतर पुढची पाच वर्षं त्यांचा पगार बांधला जातो, आणि ती पाच वर्षं पुरी होण्याआधीच पुष्कळांचा अर्ज बाद होतो.

अमेरिकेच्या राज्यघटनेत दिवाळखोरीचे कायदे देशभर एकसारखे असावेत असं लिहून ठेवलं आहे. कायदा खरोखर एकच आहे. पण सामान्य माणसाला त्यात दोन दारं आहेत. इथे त्यांना नुसतं 'सेव्हन' आणि 'थर्टीन' म्हणतात. 'सेव्हन'मध्ये कायद्यानं राखून ठेवलेल्या वस्तू सोडून बाकी काही असेल तर ते द्यायचं आणि साधारण चार महिन्यांत बहुतेक कर्जांतून सुटायचं. 'थर्टीन'मध्ये तीन ते पाच वर्षं न्यायालयानं मंजूर केलेले हप्ते भरायचे आणि सगळे भरून झाले तरच उरलेलं माफ. देशभराचा हिशेब पाहिला तर निम्म्याहून अधिक लोक पहिल्या दारानं जातात. मेम्फिसमध्ये, अलाबामात, जॉर्जियात दुसऱ्या दाराशी गर्दी असते. लोकसंख्येच्या मानानं सर्वाधिक अर्ज होणाऱ्या भागांत मेम्फिस वर्षानुवर्षं अगदी वरच्या ओळीत आहे.

याचं कारण मला माझ्या शेजारणीमुळे कळलं. ती वृद्धांच्या शुश्रूषागृहात रात्रपाळी करते. या शहरात मोटारीवाचून कामावर पोचणं फार अवघड, कारण रात्री अकराला बससाठी थांबून चालत नाही. तिचे मोटारीचे तीन हप्ते थकले. तशात एका जुन्या बिलापायी न्यायालयाचा हुकूम निघून पगारातून कपात सुरू झाली. टेनेसीत हातात पडणाऱ्या पगाराचा पाव हिस्सा असा कापता येतो. घरात लहान मूल असेल तर आठवड्याला अडीच डॉलरची सूट. अडीच! एक पाव येत नाही त्यात. टेक्सासमध्ये असल्या साध्या कर्जासाठी पगाराला हातही लावता येत नाही, आणि टेक्सास इथून एका दिवसाच्या मोटारप्रवासावर आहे.

मी तिच्याबरोबर वकिलाकडे गेले. 'सेव्हन' करायचं तर फी आधी हवी, हजार डॉलरच्या वर, आणि मोटार ठेवायची तर थकलेले हप्तेही लगेच भरायला हवेत. 'थर्टीन' आज, या क्षणी, खिशातून जवळजवळ काही न देता. वकिलाची फी पुढच्या हप्त्यांत जिरते, मोटारीची थकबाकीही त्यातच बसते. पहाटे मोटार ओढून न्यायला गाडी येईल या भीतीनं झोप उडालेली बाई कोणतं दार निवडणार? तिनं सही केली. शहरातले हजारो लोक अशीच सही करतात. देशभरात 'थर्टीन'ची निम्म्याच्या आसपास प्रकरणं शेवटपर्यंत पोचत नाहीत. प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेनं २०१७ मध्ये मेम्फिसचा तपशील खणून काढला. कृष्णवर्णीय कर्जदार बहुतांशी याच दारानं जातात आणि त्यांची प्रकरणं अर्ध्यावर बाद होण्याचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त आहे, असं त्यातून दिसलं. माझ्या शेजारणीचंही बाद झालं. पाळ्या कमी झाल्या, दोन हप्ते चुकले. भरलेलं बरंचसं व्याजात आणि फीत गेलं, कर्ज पुन्हा उभं राहिलं, आणि तिनं पुन्हा अर्ज केला.

या शहराचा मला राग येतो तो इथे. 'थर्टीन'ची ही पद्धत शेजारच्या अलाबामातली. मंदीच्या काळात, १९३० च्या दशकात, सावकारांच्या कचाट्यातल्या पगारदारांना हप्त्यांनी फेडू द्यावं म्हणून बर्मिंगहॅमच्या न्यायालयात ती रुजली आणि १९३८ मध्ये देशाच्या कायद्यात आली. चांगल्या मनानं केलेली सोय गरिबाला पुन्हा पुन्हा त्याच उंबऱ्यावर आणते आणि न्यायालयात बसलेल्या सगळ्यांना हे माहीत असतं.

तरीही एका गोष्टीचा मला हेवा वाटतो. अर्ज दाखल झाला त्या क्षणी वसुली थांबते. पगारकपात थांबते, फोन थांबतात. सही केली त्या दुपारी शेजारीण माझ्या स्वयंपाकघरात बसली होती. फोन टेबलावर पालथा पडलेला, सवयीनं. तासाभरानं तिनं तो सुलटा केला.

मला तासगावकडचे आमचे काका आठवले. मित्राच्या ट्रॅक्टरला ते जामीन राहिले. मित्र गाव सोडून गेला. पतसंस्थेनं सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आणला आणि एका सकाळी वसुलीची माणसं हलगीवाला घेऊन ओट्यावर बसली. हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस त्या दिवशी मागच्या दारानं शाळेत गेला. नंतर रस्त्याकडेचे चार गुंठे विकून त्यांनी दुसऱ्याचं कर्ज फेडलं.

आपल्याला हे कळत नव्हतं असं थोडंच आहे? १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली, त्यानंतर चारच वर्षांत दख्खनच्या शेतकऱ्यासाठी कायदा झाला. कर्जापायी त्याला तुरुंगात टाकणं बंद झालं, त्याच्या नादारीसाठी वेगळं प्रकरण लिहिलं गेलं. आणि २०१६ ची आपली नादारी व दिवाळखोरी संहिता? तिच्यात व्यक्तींसाठी पूर्ण भाग आहे, तो २०१९ मध्ये लागू झाला फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांसाठी. उद्योगपतीच्या जामीनदाराला दार उघडं, ट्रॅक्टरच्या जामीनदाराला १९२० चा जुना कायदा. शेती कर्जमाफी येते, तिची यादी लागते. त्या यादीत मास्तरांचं नाव कुठून असणार!

परवा काकांना हे सगळं फोनवर सांगत होते. 'थर्टीन'मध्ये कर्जदाराबरोबर जामीनदारालाही संरक्षण मिळतं, योजनेतून ते कर्ज फेडलं जात असेल तोवर त्याच्या मागे लागता येत नाही, हेही सांगितलं.

"जामीनदाराच्या दारातसुद्धा कुणी येत नाही?"

"नाही, काका."

पलीकडे चष्म्याचं घर उघडल्याचा आवाज आला.

"कलम कितवं म्हणालीस?"

"तेराशे एक."

"थांब," ते म्हणाले, "लिहून घेतो."