घरात दोन-तीन मोटारसायकली : विमा स्वस्तात पण पक्का कसा उतरवावा?



आपल्या पुष्कळ सभासदांचा संसार आता दोन ठिकाणी मांडलेला आहे. ऊस, जनावरं आणि थोरली माणसं गावाकडं. आणि एखादा मुलगा नोकरीसाठी ठाण्याला, कल्याणला नाहीतर डोंबिवलीला. त्यामुळे घरटी दोन-तीन मोटारसायकली ही आता नवलाची गोष्ट राहिली नाही. एक रानात जायला, एक डोंबिवलीच्या मुलाला घरापासून स्टेशनपर्यंत, आणि एक ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कामाला जाणाऱ्या धाकट्याला. गाड्या तीन म्हणजे विम्याचे हप्तेही तीन. मग "एवढे पैसे कशाला घालवायचे?" असं म्हणून एखाद्या गाडीचा विमा राहून जातो. बहुधा तो गावातल्या जुन्या गाडीचाच राहतो.

हे किती महागात पडू शकतं ते आधी सांगतो. बिनविम्याच्या गाडीने कुणाला धक्का लागून माणूस दगावला किंवा अधू झाला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई गाडीमालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागते. ती दिली नाही तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १७४ व्या कलमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. म्हणजे गाडी डोंबिवलीत का असेना, तिची झळ गावच्या सातबाऱ्याला लागू शकते. म्हणून हा विषय नीट समजून घ्यावा.

विमा दोन प्रकारचा

पहिला थर्ड पार्टी विमा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते हा विमा भरून देतो. कायद्याच्या १४६ व्या कलमाने तो प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. गाडी महिन्यातून एकदा रस्त्यावर येवो की रोज, सुटका नाही. माणसाच्या मृत्यूची किंवा दुखापतीची भरपाई न्यायाधिकरण ठरवील तेवढी विमा कंपनी देते. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान मात्र दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत १ लाख रुपयांपर्यंतच धरलेलं असतं.

दुसरा आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. चोरी, आग, पूर, पडझड हे सगळं यात येतं. हा सक्तीचा नाही. दोन्ही एकत्र घेतले की त्याला लोक 'फुल इन्शुरन्स' म्हणतात.

इथं एक घोटाळा नेहमी होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम ५ वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे पोरं म्हणतात, "पाच वर्षं बघायला नको." पण गाडीच्या नुकसानीचा विमा पुष्कळदा पहिल्या एकाच वर्षाचा दिलेला असतो. दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला गेली आणि कागद काढून बघितला, तर हातात काही नाही. म्हणून पॉलिसीवर दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात, त्या दोन्ही वाचाव्यात.

थर्ड पार्टीत घासाघीस नाही

उसाची एफ.आर.पी. जशी केंद्र सरकार ठरवतं, तसाच थर्ड पार्टीचा दरही सरकारच ठरवतं. सगळ्या कंपन्यांना तो सारखा. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात वर्षाचा दर असा होता : ७५ सी.सी.पर्यंत ५३८ रुपये, ७५ च्या वर १५० सी.सी.पर्यंत ७१४ रुपये, १५० च्या वर ३५० सी.सी.पर्यंत १,३६६ रुपये आणि त्याच्या वर २,८०४ रुपये. यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर. दर वेळोवेळी बदलतात, तेव्हा पैसे भरण्याच्या दिवशीचा दर विचारून घ्यावा.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. एक, १४९ सी.सी.च्या आणि १५५ सी.सी.च्या गाडीत रस्त्यावर फारसा फरक जाणवत नाही, पण या दरपत्रकात हप्त्याचा फरक वर्षाला ६५२ रुपये पडतो. पोरगं नवी गाडी घ्यायला निघालं की हे त्याच्या कानावर घालावं. दुसरी, "थर्ड पार्टी निम्म्या पैशात करून देतो" असं कुणी म्हणालं, तर कागद खोटा आहे असं समजायला हरकत नाही. जो दर सगळ्यांना सारखा आहे, तो याला एकट्याला निम्मा कुठून मिळणार? पॉलिसी हातात आल्यावर काही दिवसांनी सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर घालून विम्याची तारीख चढली आहे का ते मुलाकडून बघून घ्यावं.

मग पैसे वाचतात कुठे?

१) मालकाचा अपघात विमा एकदाच. गाडीमालक स्वतः गाडी चालवताना दगावला किंवा कायमचा अधू झाला तर १५ लाख रुपयांचं संरक्षण देणारा विमा २०१८ साली सक्तीचा झाला. तेव्हा त्याचा हप्ता वर्षाला ७५० रुपये ठरला होता. पुढे तो ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. हा विमा गाडीगणिक नसून माणसागणिक आहे. एकाच्याच नावावर तीन गाड्या असतील तर तो एकदाच घ्यायचा. बाकीच्या गाड्यांच्या वेळी "माझा आहे" असं लिहून द्यायचं आणि पहिल्या पॉलिसीचा नंबर दाखवायचा. न विचारता तिन्ही गाड्यांवर तो लावलेला असेल तर दोन वेळचे पैसे फुकट गेले.

२) दावा न केल्याची सूट. वर्षभर दावा केला नाही तर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. थर्ड पार्टीच्या हप्त्यात ती मिळत नाही. ही सूट मालकाची असते, गाडीची नव्हे. जुनी गाडी विकून नवी घेतली तर कंपनीकडून पत्र घेऊन ती नव्या गाडीला लावता येते. एका गाडीची सूट एकाच वेळी दोन गाड्यांना मात्र लावता येत नाही. आणि पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की कमावलेली सगळी सूट बुडते. तेव्हा आरसा फुटला, इंडिकेटर तुटला, अशा बारीकसारीक कामासाठी दावा करण्याआधी किती सूट जाते ते मोजावं.

३) गाडीचं वय. बैल वयात आला की बाजारात त्याची किंमत उतरते, तशीच विम्यातली गाडीची किंमतही उतरते. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घट, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. गावातल्या दहा-बारा वर्षांच्या गाडीला फुल इन्शुरन्स घेऊन फारसं हाती लागत नाही, तिला थर्ड पार्टी पुरतो. डोंबिवलीतल्या नव्या गाडीला मात्र दोन्ही हवेत.

४) चार ठिकाणी विचारणं. गाडीच्या नुकसानीचा दर १ जानेवारी २००७ पासून कंपन्यांनी आपापला ठरवायचा आहे. तिथं खताच्या पोत्यासारखी चार दुकानं फिरावीत. सप्टेंबर २०१९ पासून हा विमा थर्ड पार्टीपासून वेगळा, दुसऱ्या कंपनीकडूनही घेता येतो. भाव बघताना गाडीची किंमत किती धरली आहे तेही बघावं. किंमत कमी धरून हप्ता कमी दाखवणं अवघड नसतं.

५) सगळ्या गाड्यांना मिळून एक छत्र. ६ जुलै २०२२ ला विमा नियामकाने कंपन्यांना एकाच मालकाच्या अनेक गाड्यांसाठी, त्यांच्या नुकसानीपुरती, एकत्र जोड योजना देण्याची परवानगी दिली. आपल्या कंपनीकडे ती आहे का ते विचारावं. त्यासाठी गाड्या एकाच्याच नावावर हव्यात. बापाची एक आणि पोराची एक, असं चालत नाही.

नावाचा घोळ

आता वाटेल की सगळ्या गाड्या एकाच्याच नावावर घ्याव्यात म्हणजे पैसे वाचतील. थांबा. मालकाचा १५ लाखांचा विमा मालकापुरताच असतो, आणि त्याच्याकडे लायसन असेल तरच. गाडी वडिलांच्या नावावर, आणि डोंबिवलीत चालवणारा मुलगा स्वतःच घसरून पडला, तर त्या १५ लाखांतलं त्याच्या बायकापोरांना काही मिळत नाही. कर्नाटकातलं एक प्रकरण २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलं होतं. मागून आणलेल्या मोटारसायकलीवरून एक माणूस निघाला होता, पुढं लोखंडी पत्रे भरलेली बैलगाडी एकदम थांबली, तो तिच्यावर आदळून गेला. गाडी मागून आणणारा मालकाच्याच जागी उभा असतो, म्हणून १६३-अ कलमाखाली त्याच्या वारसांना भरपाई मागता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणून जी गाडी जो रोज चालवतो, ती त्याच्याच नावावर असावी. सात-आठशे रुपये वाचवण्यासाठी एवढा धोका घेऊ नये.

मागं बसणाराचंही तसंच. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागच्या सीटवरच्या माणसाची जोखीम येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितलं. फुल पॉलिसीत ती येते, असं विमा नियामकाने २००९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं. ज्या गाडीवर बायको-मुलं बसतात, तिच्या बाबतीत याचा जरूर विचार करावा.

विकलेल्या गाडीचंही ऐका. स्टँपपेपरवर लिहून देऊन गाडी विकली आणि आर.टी.ओ.त नाव बदललं नाही, तर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे नोंदीवरचा मालकच भरपाईला जबाबदार धरला जातो. आपल्याच राज्यात विकली तर १४ दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवावं. मालक वारला तर ३० दिवसांत कळवून ३ महिन्यांत वारसाच्या नावावर करून घ्यावी. आणि अठरा वर्षांच्या आतल्या पोराच्या हातात मोटारसायकल देऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे.

ठाणे-कल्याणच्या मुलांसाठी

गावाकडची एम.एच. ०९, १० किंवा ११ ची गाडी ठाण्याला नेली म्हणून ०४ चा किंवा कल्याणचा ०५ चा नंबर घ्यावा लागत नाही. राज्य एकच आहे. कायमचा मुक्काम हलवला असेल तर ३० दिवसांत नवा पत्ता नोंदवावा आणि तो विमा कंपनीलाही कळवावा.

तिकडं धोके दोन. स्टेशनबाहेर दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्या चोरीला जातात, आणि पावसाळ्यात उल्हास नदी व खाडीकाठच्या सखल भागात पाणी भरतं. २६ जुलै २००५ चा पूर आणि २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस कुणी विसरलेलं नाही. थर्ड पार्टी विम्यात या दोन्हीचा एक पैसाही मिळत नाही. गाडी चोरीला गेली तर त्याच दिवशी पोलिसात फिर्याद द्यावी, कंपनीला कळवावं आणि दोन्ही चाव्या जपून ठेवाव्यात. दाव्याच्या वेळी त्या मागतात. पाण्यात बुडालेल्या गाडीला किक मारू नये. इंजिन त्यानं जास्त बिघडतं आणि दाव्यात वाद निघतो.

शेवटी हिशेब

घरात १०० सी.सी., १२५ सी.सी. आणि १६० सी.सी. अशा तीन गाड्या धरल्या, तर वरच्या दरपत्रकाप्रमाणे थर्ड पार्टीचे ७१४, ७१४ आणि १,३६६ मिळून २,७९४ रुपये. करासह ३,२९७ च्या आसपास. बिनविम्याची एक गाडी पकडली गेली तर पहिल्याच वेळचा दंड २,००० रुपये, शिवाय ३ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्या वेळी दंड ४,०००. म्हणजे दोनदा पकडलं तर तिन्ही गाड्यांचा वर्षाचा हप्ता गेला, आणि विमा तर नाहीच.

याखेरीज बँकेतल्या खात्यातून वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वर्षांच्या घरातल्या प्रत्येक माणसाने घ्यावी. गाडी कुणाच्या नावावर आहे हे तिथं बघत नाहीत.

या रविवारी तिन्ही गाड्यांचे कागद एका पिशवीत घालावेत. कुणाच्या नावावर, कोण चालवतो, दोन्ही विम्यांच्या तारखा काय, हे उसाच्या नोंदीसारखं एका वहीत लिहून काढावं. ज्या गाडीची तारीख उलटलेली दिसेल, ती विमा उतरवल्याशिवाय अंगणातून बाहेर काढू नये.