नायकात खोट का हवी? टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये स्वभावदोष कसे वापरतात

टेबलाभोवती चार-पाच जण बसलेले असतात. त्यातला एक 'गेम मास्टर' होऊन गोष्टीतलं जग सांभाळतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. आपलं पात्र काय करतं ते बोलून सांगायचं आणि ते जमेल की नाही याची शंका असेल तिथे फासे टाकायचे, असा हा टेबलटॉप रोलप्लेइंगचा खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि या प्रकाराची सुरुवात झाली.

पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी आकड्यांत लिहिता येते. स्वभावाचं काय करायचं?

नवे खेळाडू बहुतेकदा शूर, हुशार आणि प्रामाणिक पात्र बनवतात. पण दरोडेखोरांनी कोंडलेल्या गावकऱ्यांना सोडवायचं का, या प्रश्नाचं त्याच्याकडे एकच उत्तर असतं. तेच पात्र हावरट असेल आणि शेजारच्या खोलीत लुटीची पेटी उघडी पडली असेल, तर टेबलावरचे सगळे कान टवकारतात.

दोषाच्या बदल्यात गुण

मग खेळाडूने स्वतःहून अडचण का ओढवून घ्यावी? 'चॅम्पियन्स' (१९८१) आणि 'गर्प्स' (१९८६) या खेळांनी सरळ व्यवहार मांडला. पात्राला दोष घ्या, त्याचे गुण मिळवा आणि त्या गुणांतून कौशल्यं विकत घ्या. पळवाट अर्थातच लगेच सापडते. गोष्ट वाळवंटात घडणार असेल, तर समुद्राची भीती हा फुकटात पडलेला दोष. म्हणून कोणता दोष चालेल हे ठरवताना गेम मास्टरला डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

ग्रेग स्टॅफर्ड यांचा 'पेंड्रॅगन' (१९८५) वेगळ्या वाटेने गेला. राजा आर्थरच्या सरदारांच्या या खेळात स्वभावाच्या १३ जोड्या आहेत: दयाळू-क्रूर, नम्र-गर्विष्ठ, शूर-भित्रा वगैरे. प्रत्येक जोडीची बेरीज २०. नम्रता ७ असेल, तर गर्व १३. कसोटीच्या क्षणी वीस बाजूंचा फासा टाकायचा. ७ किंवा कमी पडलं तर सरदार नम्रतेने वागतो, नाहीतर गर्वासाठी पुन्हा फासा. म्हणजे खेळाडूला एक वाटतं आणि त्याचा सरदार भलतंच करून बसतो! काहींना हे जाचक वाटतं, पण स्वभावाला औषध नसतं हे इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुठल्या खेळाने क्वचितच दाखवलं असेल.

'फेट' या खेळात निवड खेळाडूकडेच राहते. त्याने पात्राबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं असतं, समजा, 'पैज लावली की माघार नाही'. योग्य वेळी गेम मास्टर एक फेट पॉइंट पुढे करतो: पॉइंट घे आणि या पैजेत अडक. नाही म्हणायचं असेल तर खेळाडूला स्वतःजवळचा पॉइंट द्यावा लागतो. मिळालेला पॉइंट पुढे आणीबाणीत कामी येतो.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २०१४ च्या आवृत्तीत प्रत्येक पात्राला दोन स्वभाववैशिष्ट्यं, एक आदर्श, एक बंध आणि एक दोष देण्याची सोय होती. त्याला धरून खेळलं तर गेम मास्टर 'इन्स्पिरेशन' देऊ शकत असे. ते खर्चून एका फेकीला दोन फासे टाकायचे आणि मोठा आकडा धरायचा. मात्र सगळी भिस्त गेम मास्टरच्या आठवणीवर, आणि त्याला राक्षसांपासून वाटाड्यांपर्यंत सगळंच सांभाळायचं असतं. २०२४ च्या आवृत्तीत पात्राच्या पार्श्वभूमीसोबत येणारे हे तक्ते उरले नाहीत.

कामाचा दोष कसा लिहायचा?

नियम कोणताही असो, दोष कृतीतून दिसेल असा लिहावा. नुसतं 'रागीट' लिहून काही हाती लागत नाही. 'घराण्याचा अपमान ऐकून घेत नाही' असं लिहिलं की गेम मास्टरला दरबारात कुणाच्या तोंडी काय घालायचं ते कळतं. 'कुणावरच विश्वास नाही' हा दोष दिसायला भारदस्त, पण असं पात्र बाकीच्यांबरोबर मोहिमेवर निघेलच कशाला?

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती 'माझं पात्र असंच आहे' या वाक्यावरून. चोराचं पात्र घेतलेला खेळाडू सोबत्यांच्याच झोळ्या साफ करतो आणि स्वभावाकडे बोट दाखवतो. त्या झोळ्यांसाठी बाकीच्यांनी तीन-चार बैठका घालवलेल्या असतात. स्वभाव कागदावर त्यानेच लिहिलेला असतो, हे तो सोयीस्करपणे विसरतो. म्हणून बरेच गट पहिल्या खेळाआधी 'सेशन झिरो' नावाची बैठक घेतात आणि कुणाला काय चालेल ते बोलून ठेवतात. चोराची हाव तिथे बदलण्याची गरज नसते. 'सोबत्यांकडून चोरत नाही, पण यजमानाच्या घरातली चांदी बघून हात शिवशिवतात' एवढी दुरुस्ती पुरते. मग पकडला गेला की सगळ्यांनाच मिळून पळावं लागतं.