पाणी घातलं की घट्ट!

पनवेलजवळच्या गव्हाणला काय नि उरणला काय, घरी भांड्यांचं लिक्विड करणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते: एसएलईएस नावाच्या पेस्टमध्ये पाणी भसकन ओतायचं नाही. या पेस्टमध्ये साधारण ७० टक्के सरफॅक्टंट, म्हणजे फेस आणणारा पदार्थ असतो. पाणी घातल्यावर ती पातळ व्हावी ना? उलट ती आणखी घट्ट होते, गाठी धरते, ढवळायची काठी जागच्या जागी अडते. आणखी पाणी घालत राहिलं की मग कुठे सैल पडते.

सरफॅक्टंट म्हणजे परकी चीज नव्हे. पनवेल तालुक्यातच, तळोज्याला गॅलेक्सी सरफॅक्टंट्सचा कारखाना आहे. सरफॅक्टंटच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढ घेतं, शेपूट पाण्यापासून पळतं. बस्स, एवढ्यावर सगळी रचना उभी राहते. दाट पेस्टमध्ये रेणूंचे पापुद्रे एकमेकांवरून घसरतात, म्हणून ती ओतता येते. पाणी वाढलं की त्यांच्या लांब कांड्या होतात आणि मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनात घट्ट बसतात. ही दोन्ही रूपं द्रवस्फटिकांची, म्हणजे वाहतं तरी रेणू शिस्तीत मांडलेले, अशा अवस्थेची. कुणी मुकादम नाही, नकाशा नाही! डोकं किती रुंद, शेपूट किती जाड, यावरून रूप ठरतं. इस्रायलाश्विली, मिचेल आणि निनहॅम या शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये ते गणितात बसवलं.

आता या शेपटात ॲझोबेन्झीन गुंफा. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या मिथाइल ऑरेंजच्या घराण्यातलंच हे: दोन कडी, मध्ये नायट्रोजनची जोडी. एरवी हा रेणू सरळ असतो. अतिनील प्रकाश पडला की तो कंबरेत वाकतो, लांबी सुमारे ०.९ नॅनोमीटरवरून ०.५५ वर येते. निळ्या उजेडात पुन्हा ताठ! शेपटाचा आकार बदलला की शेजाऱ्यांशी जमवलेली मांडणी मोडते. दोन ध्रुवक काचांमध्ये धरलेल्या थरात पंख्यासारखे रंगीत पट्टे दिसत असतात. मांडणी पुरती मोडली, की ते विझून सगळं काळं होतं. ना उष्णता, ना रसायन, नुसता उजेड.

मला थक्क करतो तो रसायनशास्त्रज्ञ जी. एस. हार्टली. सरफॅक्टंटचे रेणू पाण्यात गोळे करून राहतात, हे चित्र त्याने १९३६ मध्ये मांडलं आणि पुढच्याच वर्षी ॲझोबेन्झीनचं वाकलेलं रूपही त्यानेच दाखवलं. दोन्ही धागे एकाच माणसाच्या हाती होते!

उजेडाने पेस्ट सैल करण्यात अडचण एकच: ॲझोबेन्झीनचा रेणू तो उजेड स्वतःच गिळतो. दाट पेस्टच्या पिंपात प्रकाश वरच्या थरातच संपतो, म्हणून हे प्रयोग अजून पातळ थरांवरच रंगतात.