टेलिफोन स्वस्त झाला, फायदा कोणाला?

कापडाच्या धंद्यात आम्ही खर्चाचे दोन भाग करतो. सूत, मजुरी, वीज हा खर्च मालाबरोबर वाढतो. मागाची किंमत, जागेचे भाडे, कर्जाचे व्याज मात्र माल निघो वा न निघो, भरावेच लागते. टेलिफोनच्या धंद्यात जवळजवळ सगळा खर्च या दुसऱ्या प्रकारचा आहे. एक्स्चेंज उभे राहिले, केबल पडली की आणखी एका कॉलला नवा खर्च नाममात्र. म्हणून एका यंत्रणेतून किती कॉल जातात, यावरच कॉलची लागत ठरते.

अटलांटिक महासागराखालून १९५६ साली पहिली टेलिफोन केबल सुरू झाली. तांब्याच्या त्या केबलवर एका वेळी ३६ संभाषणे होत. १९८८ साली काचेच्या तंतूंची केबल आली, तिची क्षमता सुमारे ४० हजारांची.

आपल्याकडील जुनी स्ट्रोजर एक्स्चेंजे यांत्रिक होती. जागा मोठी लागे, भाग झिजत, साफसफाईला माणसे लागत. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी संस्था निघाली. तिने १२८ लाइनींचे इलेक्ट्रॉनिक ग्रामीण एक्स्चेंज बनवले. त्याला वातानुकूलित खोली लागत नसल्याने खेड्यातही ते परवडले.

पण लागत कमी झाली म्हणजे भाव आपोआप उतरतो असे नाही. १९९५ साली मोबाइल आला तेव्हा आलेल्या कॉलचेही पैसे पडत. कंपन्या वाढल्या, चढाओढ लागली आणि २००३ साली येणारे कॉल मोफत झाले. २०१६ साली जिओने बोलण्याचे वेगळे पैसे घेणेच बंद केले. गिऱ्हाइकाची चंगळ झाली, पण २०१८ साली एअरसेल दिवाळखोरीत गेली आणि व्होडाफोन व आयडिया यांना एकत्र यावे लागले. महाग कॉलवर पोट भरणारे एसटीडी बूथवाले तर त्याआधीच उठले होते.

व्यापारी व कारागीर बांधवांनी यातून एवढे ध्यानात घ्यावे. नवे यंत्र घेणारा पहिला काही दिवस कमावतो. तेच यंत्र सर्वांनी घेतले की बचत भावातून गिऱ्हाइकाकडे जाते, कर्जाचा हप्ता मात्र आपल्याकडे राहतो. तेव्हा कर्ज काढण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात: यंत्र बारा महिने पुरते चालेल एवढे काम हाती आहे काय, आणि भाव उतरल्यावरही हप्ता निघेल काय? दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तरच पुढे जावे.