अडीच एकरांचा दिवस

दिवाळीच्या सुट्टीत गावाकडे जमीन बघायला जाणारी कुटुंबं हल्ली बरीच भेटतात. कुणाची वडिलोपार्जित जमीन वर्षानुवर्षं पडीक आहे, कुणी भावकीतली घ्यायचा विचार करतं, कुणाला मुलांनी मातीत वाढावं असं मनापासून वाटतं. या दिवसांत हवा गार असते, विहीर भरलेली असते, बांधावर गवत उभं असतं आणि कुठलीही जमीन चांगलीच दिसते. माझं सांगणं एवढंच की मन बसलं तरी निर्णय मे महिन्यापर्यंत थांबवा. ऐन उन्हाळ्यात त्याच विहिरीत डोकावा. मोटार किती वेळ चालते, उपसल्यावर पाणी परत यायला किती तास लागतात, हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारा. तो खरं सांगतो, कारण त्याचीही विहीर त्याच झऱ्यांवर असते.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. पश्चिम महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणून आधी आपल्या घराण्याचा सातबारा शोधावा. सातबाऱ्याबरोबर जुने फेरफार वाचावेत आणि मोजणी करून घ्यावी. सर्वांत आधी मात्र शेताकडे जाणारी वाट तपासावी. शेतापर्यंत बैलगाडी, ट्रॅक्टर, पिकअप पावसाळ्यात पोचते का? आणि ती वाट कागदावर आहे, की निव्वळ शेजाऱ्याच्या भलेपणावर? गावाकडच्या निम्म्या भांडणांचं मूळ मी वाटेत पाहिलं आहे.

अडीच एकर म्हणजे लहान तुकडा, असं शहरातल्या माणसाला वाटतं. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्रच १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. अडीच एकरांचं शेत ही आपल्याकडची रोजची गोष्ट आहे आणि नवख्या घराला तेवढं काम पुरून उरतं. उदाहरणासाठी पुरंदर तालुका घेऊ. पर्जन्यछायेचा हा मुलूख अंजीर, सीताफळ आणि पावसाळी वाटाण्यासाठी ओळखला जातो. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकनही आहे. जमीन कुठे मुरमाड, कुठे मध्यम. पुण्याची बाजारपेठ जवळ, पण पाणी बेताचं. नवरा-बायको, दोन मुलं, एक आजी, दोन गाई असं घर डोळ्यांपुढे आणा.

असं घर मला भेटलं की पहिला प्रश्न हमखास येतो, "कोणतं पीक लावू?" मी उलट विचारते, सकाळी पाच ते आठ घरातलं कोण कुठे असणार? या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय पिकाचं ठरवू नये. पीक चुकलं तर पुढच्या हंगामात बदलता येतं. घरातल्या माणसांच्या वेळाच जुळत नसतील तर चांगलं पीकही हातचं जातं.

दुभती गाय दिवसाची चौकट ठरवून टाकते. धारा दोनदा काढायच्या, शक्यतो बारा तासांच्या अंतराने आणि ठरल्या वेळी. कास कोमट पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसली की गाय पान्हा सोडते. तो जेमतेम पाच ते सात मिनिटं टिकतो. तेवढ्यात दूध काढून झालं पाहिजे. मध्येच फोन घ्यायला उठलं तर राहिलेलं दूध कासेतच राहतं. चारही सडांच्या पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात काढून बघायच्या. त्यात गाठी किंवा पाणचटपणा दिसला तर दगडीची, म्हणजे कासदाहाची, सुरुवात समजायची आणि त्याच दिवशी डॉक्टर बोलवायचा. धार झाल्यावर सड जंतुनाशकात बुडवून गाईपुढे लगेच वैरण टाकायची, म्हणजे ती अर्धा तास उभी राहते. सडाचं तोंड तोवर उघडं असतं. ती शेणात बसली तर रोग तिथूनच आत जातो. हे पुस्तकात एका ओळीत वाचलेलं असतं. रोज पहाटे झोपेच्या डोळ्यांनी ते न चुकता करायचं, यातच दुधाच्या धंद्याचा नफा-तोटा आहे.

दहा लिटर देणाऱ्या संकरित गाईला दिवसाला साधारण वीस-पंचवीस किलो हिरवा चारा, पाच-सहा किलो वाळली वैरण आणि चार-पाच किलो पशुखाद्य लागतं. दोन गाईंसाठी दहा-पंधरा गुंठे नेपियर आणि थोडं लसूणघास आधी लावून मगच गाय दारात आणावी. विकतच्या वैरणीवर गाय पोसायला निघालेली घरं मी कर्जात जाताना पाहिली आहेत. वाळल्या वैरणीसाठी रब्बीची ज्वारी उत्तम. मालदांडी ३५-१ आजही लावली जाते, कारण तिची भाकरी गोड आणि कडबा जनावरं आवडीने खातात. डेअरीवर दूध घातलं की फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) लागतं. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून निघतो, त्याखाली गेलं की कपात. पैसे बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी येतात. गावात त्याला दुधाचा पगार म्हणतात आणि किराणा, शाळेची वह्या-पुस्तकं, दवाखाना त्यावरच चालतो. भाजीच्या पट्टीचा भरवसा नसतो, म्हणून नवख्याने निदान एक दुभतं जनावर ठेवावं असं माझं ठाम मत आहे. ज्यांना पहाटेची धार जमणार नाही त्यांनी दोन-चार उस्मानाबादी शेळ्यांपासून सुरुवात करावी. शेळी पाच महिन्यांत विते, बहुतेकदा जुळं देते, तिला माणूस कमी लागतो.

भाजीपाल्याचं गणित पाण्यापासून मांडावं. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. वीस गुंठे म्हणजे सुमारे दोन हजार चौरस मीटर. एप्रिलच्या उन्हात भाजीला रोज पाच मिलिमीटर पाणी धरलं, तर वीस गुंठ्यांना दिवसाला दहा हजार लिटर लागतात. आता आपल्या मोटारीखाली दोनशे लिटरचं पिंप ठेवा आणि ते किती सेकंदांत भरतं ते घड्याळावर पाहा. विहीर उन्हाळ्यात तेवढा वेळ चालते का? नसेल तर वीसचे दहा गुंठे करा. गावाच्या पातळीवर हाच हिशेब हिवरे बाजारने केला. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर पिकं ठरवायची, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हे तिथल्या ग्रामस्थांनी ठरवलं आणि पाळलं.

नवखे बहुधा भेंडी लावतात, कारण ती दीड महिन्यात सुरू होते. ती एक दिवसाआड तोडावी लागते, हे मात्र लावल्यावर कळतं. लग्न असो, ताप असो, तोडा चुकला की कोवळी भेंडी जून होते आणि आडत्याकडे तिला कुणी विचारत नाही. तोडताना लव हाताला लागून खाज सुटते, म्हणून बाया हातमोजे किंवा जुने पायमोजे घालतात. दहा गुंठ्यांची भेंडी दोन माणसांची सकाळ खाते. अंजिराचं काम त्याहून नाजूक. फळ पहाटे झाडावरून काढायचं, पानं घालून पाटीत मांडायचं, देठातून निघणारा चीक अंगाला लागू द्यायचा नाही आणि माल बाजारात लगेच पोचवायचा, कारण पिकलेलं अंजीर दुसरा दिवस नीट काढत नाही. पहिल्या वर्षी मेथी, कोथिंबीर, थोडी गवार, घरापुरती मिरची-वांगी एवढंच लावावं. मेथी महिन्याभरात हातात येते, फसली तर नुकसान थोडकं आणि शिकणं पुष्कळ. सीताफळाची, अंजिराची झाडं बांधाकडेने लावून ठेवावीत. ती आपल्या गतीने तीन-चार वर्षांनी बोलू लागतात.

घराला पुरेल एवढं घरच्या मातीत पिकवायचं, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून ती शास्त्रशुद्ध मांडली. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठ्यांत पोटभर पिकवता येतं, असा त्यांचा विचार होता. काडीकचरा न जाळता त्याची माती करायची, पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब ठेवायचा आणि शेतकऱ्यांनी एकमेकांकडून शिकायचं, ही त्यांची शिकवण मला आजही नवख्यांसाठी सर्वांत मोलाची वाटते.

पेरणीची घाई हा नवख्यांचा मोठा शत्रू. मृगाचा पहिला पाऊस पडला की हात शिवशिवतात. कृषी खातं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं दरवर्षी सांगतं. पाऊस झाल्यावर मुठीत माती दाबावी, गोळा झाला तर तो कमरेच्या उंचीवरून सोडावा. सहज फुटला तर वापसा आला, चिखलासारखा थापला गेला तर थांबावं. बियाणं घरचं असो की दुकानातलं, आधी तपासावं. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि सहा-सात दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. मुलांना हे काम द्यावं. ऐंशी आले, पन्नास आले, आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतात आणि मग ते शेत त्यांचंही होतं.

दिवस मावळला म्हणून काम संपत नाही. शेतीपंपाची थ्री-फेज वीज बऱ्याच भागांत पाळीने येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. रात्रपाळीत बारे द्यायला जावं लागतं. गमबूट, हातात काठी आणि चांगली बॅटरी असल्याशिवाय घराबाहेर पडू नये. नाग, घोणस, मण्यार आणि फुरसं हे आपल्या शेतातले चार प्रमुख विषारी साप. चावल्यावर जखम कापू नये, घट्ट आवळू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. हात-पाय न हलवता थेट प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यावं. ते जवळ कुठे मिळतं हे जमीन घेतानाच विचारून ठेवावं. विंचवालाही हलकं समजू नये. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसं दगावत, तेव्हा महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यू झपाट्याने घटले. शक्य असेल तिथे ठिबक आणि सौरपंप बसवावा. पाण्याच्या बचतीइतकाच रात्रीच्या झोपेचा फायदा मोठा आहे.

या सगळ्या कामात बाईचे तास मोजले तर ते निम्म्याहून अधिक भरतात. शेण, धार, निंदणी, तोडणी, स्वयंपाक, मुलं, आजीची औषधं. शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन १९८६ मध्ये चांदवडला झालं आणि पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. शेतकऱ्याने आपण होऊन जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करायचा, हा तिचा गाभा होता. नव्याने शेतीत येणाऱ्या जोडप्याने पहिल्याच खरेदीखतात दोघांची नावं लावावीत. सातबाऱ्यावर तिचं नाव असेल तर शेतकरी म्हणून मिळणाऱ्या योजना आणि पीककर्ज तिलाही मागता येतात.

माणसांची बेगमीही करावी लागते. निंदणीला, काढणीला मजूर वेळेवर मिळत नाहीत. शेजारच्या दोन-तीन घरांशी इर्जिक ठरवावं: आज तुमच्या कांद्याला आम्ही, परवा आमच्या ज्वारीला तुम्ही. त्यासाठी आधी आपण जायचं असतं, न बोलावता. घर नवखं आहे हे गावाला ठाऊक असतं आणि जाणती माणसं मनापासून शिकवतात.

आणि सुट्टीचं. गाय विण्याआधी साठ दिवस तिची धार बंद करून तिला आटवतात. वैरण-पाणी आणि शेण लागतंच, पण ते शेजारची मावशी किंवा आजी सांभाळू शकते. मुलांचं मामाचं गाव, पंढरीची वारी, राहून गेलेलं लग्नघर, सगळं त्या दोन महिन्यांत बसवावं. दोन गाई असतील तर दोघींचं आटवणं जमेल तेवढं जवळजवळ यावं असं बघायचं. दुधाच्या पगारात मात्र त्या महिन्यांत खंड पडतो, तेवढी रक्कम आधी बाजूला काढावी. गाय भरवल्यापासून साधारण नऊ महिने नऊ दिवसांनी विते. रेतनाची तारीख गोठ्यातल्या वहीत त्याच दिवशी लिहिलेली असली, की हे साठ दिवस कधी येणार ते सात महिने आधी कळतं.