बाथरूम नवं करताय? टाइल्स बसण्याआधी ४८ तास पाणी भरून ठेवा!

जुन्नर, घोडेगावकडच्या जुन्या घरांत न्हाणी मागच्या दारी असायची. खाली दगडी फरशी आणि सांडपाणी थेट परसातल्या केळीला नाहीतर अळवाला. आता तीच न्हाणी घरात आली. टाइल्स आल्या, गीझर आला, कमोड आला. भिंत मात्र अनेक घरांत अजून दगड-मातीचीच आहे. गोची इथेच होते.

टाइल्स पाणी अडवत नाहीत. सांध्यांतून ते हळूहळू झिरपतंच. त्याला अडवतो तो खालचा वॉटरप्रूफिंगचा थर, आणि काम संपल्यावर तो कुणालाच दिसत नाही. हात आखडता घ्यायला याहून सोयीची जागा नाही! सिमेंटच्या भिंतीला ओल आली तर रंग जातो. मातीच्या भिंतीत ओल मुरत राहिली तर तिची ताकदच जाते.

म्हणून हा थर जमिनीवरून भिंतीवर किमान फूटभर चढवायला सांगा, शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत. तो सुकला की नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करा, दाराशी छोटा बांध घाला आणि दोन इंच पाणी भरा. पातळीची खूण करून ४८ तास थांबा. पाणी बरंच उतरलं किंवा बाहेरून ओल दिसली, तर टाइल्स लावू देऊ नका.

पैसेही याच चाचणीला बांधा. टाइल्सचा हप्ता चाचणीनंतर, शेवटचे दहा टक्के महिनाभर वापरून झाल्यावर. गवंडी आणि प्लंबर वेगळे असतील तर गळतीनंतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. जबाबदारी एकाचीच ठेवा. दर मजुरीचा की मालासकट, हे कागदावर घ्या आणि प्रत्येक पैशाची पावती मागा. वाद झालाच तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या कामाच्या तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. पण कागद लागतोच.

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात काहीच नीट सुकत नाही, तेव्हा काम दिवाळीनंतर काढलेलं बरं. आणि पाइप झाकण्याआधी टेप लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे गीझरसाठी भिंतीला भोक पाडताना तेच कामी येतील.