शंभर तासांनी चुकलेले घड्याळ

लिफ्ट, गाडीचे ब्रेक, रुग्णालयातील औषधाचा पंप अशा अनेक यंत्रांत आज एक छोटा संगणक बसवलेला असतो. त्याची आज्ञावली बिनचूक आहे की नाही, हे पाहणे हे चाचणी-तज्ज्ञाचे काम. हे काम किती मोलाचे आहे, ते एका उदाहरणावरून पाहू.

२५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, इराकचे एक स्कड क्षेपणास्त्र सौदी अरेबियातील दहरान येथे अमेरिकी सैनिकांच्या निवासावर कोसळले. २८ सैनिक मरण पावले. संरक्षणासाठी तेथे पॅट्रियट यंत्रणा होती, पण तिने क्षेपणास्त्र सोडलेच नाही. असे का झाले?

पॅट्रियटचा संगणक वेळ मोजताना सेकंदाचा दहावा भाग हे एकक वापरी. ठोके मोजायचे आणि ०.१ ने गुणायचे. आपल्या दशमान पद्धतीत १/३ लिहू लागलो तर ०.३३३... असे आकडे संपतच नाहीत. संगणकाच्या द्विमान पद्धतीत १/१० ची तीच गत होते. २४ अंकांच्या जागेत तो मावत नाही. पुढचे अंक तोडावे लागतात. त्यामुळे प्रत्येक ठोक्याला सुमारे ०.०००००००९५ सेकंदाची चूक होई. शंभर तासांत ३६ लाख ठोके पडतात. गुणाकार केला की चूक होते सुमारे ०.३४ सेकंद! स्कड सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक अंतर कापते. म्हणजे रडार अर्ध्या किलोमीटरहून अधिक दूर, भलत्याच जागी त्याला शोधत होते.

ही यंत्रणा एका जागी काही तासच चालेल, असे गृहीत धरलेले होते. दहरानला ती शंभर तासांहून अधिक काळ सलग चालू होती. फार वेळ चालवल्यास लक्ष्य हुकेल, असा इशारा २१ फेब्रुवारीला दिला गेला. पण ‘फार वेळ’ म्हणजे किती, हे त्यात नव्हते. सुधारित आज्ञावली दहरानला पोहोचली २६ फेब्रुवारीला, एक दिवस उशिरा.

अशी चूक पकडायला स्वयंचलित चाचणी उपयोगी पडते. खऱ्या रडारऐवजी दुसरा संगणक यंत्राला कृत्रिम संकेत पुरवतो, उत्तरे ताडून पाहतो आणि रात्रंदिवस हेच करत राहतो. शंभर तास थांबायचे नसेल, तर ठोक्यांचा आकडा सुरुवातीलाच ३६ लाखांवर नेऊन ठेवता येतो. पण किती तास तपासायचे, हे यंत्र ठरवत नाही. ‘प्रत्यक्षात लोक हे कसे वापरतील?’ हा प्रश्न माणसालाच विचारावा लागतो. अनुभवी चाचणी-तज्ज्ञाचे खरे कौशल्य यातच आहे.

वर्गात करून पाहा : ०.१ ला २ ने गुणा. गुणाकारातील पूर्णांक (० किंवा १) लिहून ठेवा आणि उरलेला अपूर्णांक पुन्हा दुप्पट करा. ०.०००११००११... अशी मालिका मिळेल. ती कुठे संपते का, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.